एका मनगटाच्या दोन गोष्टी

टाचणीचं डोकं गंजलेलं होतं आणि तिनं चार कागद एकत्र धरून ठेवले होते. कोणी म्हणजे कोणी यावर विश्वास ठेवणार नाही — रूपरावांनी मनातल्या मनात, निव्वळ सवयीनं, सुरुवात केली — पण ज्या माणसानं बोरच्या जंगलातला वाघ सायकलच्या कॅरिअरवर बसवून हिंगणीपर्यंत आणला, वाटेत दोनदा मागं वळून त्याला ‘शेपूट आवर, चाकात जाईल’ असं बजावलं आणि फाट्यावर उतरल्यावर त्याच्याकडून रीतसर रामराम करून घेतला, त्या माणसाची जीभ आज एवढ्याशा टाचणीनं टाळूला टोचून टाकली. सुरुवात चांगली होती. पारावर सांगितली असती तर चार माणसं बिड्या विझवून पुढं सरकली असती. पण इथं पार नव्हता. सेलूच्या सरकारी आवारातली एक खोली होती, टेबलावर हिरवं रेक्झिन होतं, पंखा दर फेरीला कुठंतरी अडखळत होता आणि प्रत्येक झुळकीला कागदांची टोकं उचलली जात होती — फक्त टोकं. बाकी टाचणी सोडत नव्हती.

सगळ्यात वर निळ्या रेघांच्या वहीच्या पानाची झेरॉक्स. ती गावच्या आशा कार्यकर्तीची, कोकिळाबाईची. गावातल्या बाळंतिणी, लसी, ताप, पडझड, सगळं ती त्याच वहीत लिहायची. त्याखाली मोठ्या दवाखान्याचा गुलाबी केसपेपर. त्याखाली पोलीस ठाण्याच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत. आणि तळाला एक करकरीत कागद, ज्याच्या खालच्या अंगाला सही होती, आणि ती कोणाची हे रूपरावांना खुर्चीतून दिसत नव्हतं. वरचे तीन मात्र वाचायची गरज नव्हती. ते तिन्ही त्यांचेच होते. अक्षर दुसऱ्यांचं, पण गोष्ट त्यांची; लेकरू दुसऱ्याच्या कडेवर असलं तरी माय ओळखतेच.

“पाणी घ्या, काकाजी,” टेबलामागच्या काजल मॅडम म्हणाल्या. घरात मार खाणाऱ्या बायांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकारी त्या ह्याच, हे रूपरावांना आत येऊन बसल्यावर कळलं होतं, आणि बसल्यावर उठता येत नाही.

“पाणी राहू द्या जी. अंगठा कुठं लावाचा तेवढं सांगा. पोरगा उन्हात उभा हाय.”

“अंगठा नाही लावायचा. केवायसी नाहीच आहे आज.”

रूपरावांनी कोकिळाबाईकडं पाहिलं. काल अंगणात येऊन हीच बाई कैलासला म्हणाली होती की सासरा-सून दोघांचीही केवायसी राहिली आहे, उद्या नाही केली तर यादीतून नावं कटतील, आणि तूच आणून सोड बाप्पा, म्हातारं माणूस एसटीत कुठं लोंबकळणार. कैलासनं दोघांना मोटारसायकलवर बसवून आणलंही. कोकिळाबाई आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत होती. साधी, वेळेवर, कारणासहित आणि ज्याला फसवायचं त्याच्याच गाडीवरून काम करवून घेणारी थाप... अशी एक थाप आपल्याला उभ्या जन्मात जमली नाही, असं रूपरावांना वाटलं, आणि हसू आलं, आणि ते ओठांपर्यंत पोचायच्या आत त्यांची नजर भिंतीशी बसलेल्या सुनेवर गेली. एवढ्या उन्हाळ्यात वर्षालीनं पदर गळ्याभोवती दोनदा घेतला होता.

खिडकीतून कैलास दिसत होता. कडुलिंबाखाली गाडी लावून तो खिशातल्या फडक्यानं आरसा पुसत होता, आधी डावा, मग उजवा. पोरगा तसा नीटनेटका. दारू नाही, खर्रा नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. गावात पोरींचे बाप त्याच्याकडं बोट दाखवून म्हणत, जावई असावा तर असा. आणि हीच तर अडचण होती — मी वाघ सांगितला तर लोक मान डोलावतात, माकडानं ग्रामसेवकाचा शिक्का पळवून झाडाला शेरा मारला असं सांगितलं तर टाळी देतात, पण माझा निर्व्यसनी पोरगा पाण्याची मोटार चालू राहिली, टाकी वाहिली, एवढ्यावरून बायकोचं मनगट उलटं फिरवतो, हे सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, रूपराव, आता मात्र तुम्ही हद्दच केली.

“महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आम्ही सगळे इथं बसतो,” काजल मॅडम सांगत होत्या. “आशाताई, पोलीस, दवाखाना. आधी ज्याचा कागद त्याच्या कपाटात राहायचा. आता ज्या बाईची परवानगी आहे, तिचे कागद आम्ही एकमेकांना दाखवतो.”

“बरं करता,” रूपराव म्हणाले. “कागदाले बी सोबत पाह्यजे.”

कोपऱ्यात मांडीवर टोपी ठेवून बसलेले पोलीस ठाण्याचे जमादार फसकन हसले. काजल मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं.

“तान्हा पोळा. डावं मनगट. कोकिळाताईंच्या वहीत लिहिलंय, म्हशीनं दाव्याला हिसका दिला. दोन दिवसांनी तेच मनगट दवाखान्यात. तिथं लिहिलंय, केळझरच्या गणपतीला गेली आणि पायऱ्यांवरून घसरली. दोन्हीकडं सांगणारे तुम्हीच.”

“अकरावी पायरी,” दवाखान्यातून आलेला अश्वजित चष्मा वर सरकवत म्हणाला. दवाखान्यात पेशंटच्या घरादाराची विचारपूस करणं हेच त्याचं काम होतं. “मी तेव्हा नवीन होतो. तुम्ही जे सांगितलं ते सगळं लिहून घेतलं. अकरावी पायरी, तिच्यावर कोणाचं तरी तेल सांडलेलं, आणि तुम्ही म्हणाले, गणपतीची सोंड त्या वेळी थोडी हलली.”

सोंडेचं बोलायला नको होतं. पण त्या दिवशी तो पोरगा इतका मन लावून ऐकत होता... रूपरावांचा एक नियम होता आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला होता: एकदा सांगितलेली गोष्ट तशीच्या तशी दुसऱ्याला सांगायची नाही. पाहुण्याला कोणी शिळी भाकर वाढतं का? कोकिळाबाईला म्हैस दिली, म्हणून दवाखान्याला पायऱ्या दिल्या. संक्रांतीला बरगडी दुखावली, तेव्हा त्याच केसपेपरवर तिळाचं पोतं अंगावर पडलं. आणि या गोष्टी इतके दिवस आपापल्या ठिकाणी सुखानं नांदत होत्या — गाव कोकिळाबाईच्या वहीत, दवाखाना सोळा मैलांवर, ठाणं तिसरीकडं — एकीला दुसरीचा पत्ता नाही. त्या तिघींना एका टेबलावर आणून समोरासमोर बसवील असं माणूस जगात निघेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

“अन् मले काय सांगतलं?” जमादारांना आता राहवेना. “शेजारच्या घरून फोन आला म्हणून मी गेलतो. बाईच्या गळ्यावर ह्या एवढ्या रेघा. हे म्हणे, कडबाकुट्टीच्या मशीनच्या पट्ट्यात पदर अटकला. मी म्हटलं असन बुवा. मंग मॅडमनं सांगतलं पुन्हा जाऊन पाहा. गेलो. काकाजी, तुमच्या गोठ्यात कडबा हाय, कुट्टी हाय कुठं?”

“इकली,” रूपराव म्हणाले.

“कोणाले?”

“...वाघाले.”

जमादार पुन्हा हसले, अश्वजितनंही चष्म्याआड हसू दाबलं, कोकिळाबाईच्या खांद्यानं किंचित हालचाल केली; क्षणभर खोली पारासारखी झाली, आणि त्या क्षणाचा आधार धरून रूपराव आणखी काही बोलणार होते, तेवढ्यात त्यांना दिसलं की वर्षाली हसत नाही. पूर्वी हीच सगळ्यात चांगली ऐकणारी होती. भाकरी थापता थापता विचारायची, मामाजी, वाघाचं वजन किती असन, टायर बसला नाई? आणि मग रूपरावांना थांबून विचार करावा लागे, आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीत टायरमध्ये दोनदा हवा भरावी लागे, आणि गोष्ट अधिक चांगली होई. असं ऐकणारं माणूस घरात येणं हे भाग्यच. गेला महिनाभर तिनं काही विचारलं नव्हतं. ती भाकरी थापायची, आणि रूपराव बोलायचे, आणि बोलणं चुलीमागच्या भिंतीला लागून परत यायचं.

काजल मॅडमनी टाचणी काढली. कागद सुटे केले आणि एकाखाली एक मांडले.

“काकाजी, एकेक कागद पाहिला तर प्रत्येक ठिकाणी अपघात आहे. म्हैस. पायरी. पोतं. पट्टा. आमच्यातल्या प्रत्येकानं एकेकच पाहिला म्हणून आम्हीही तेच समजलो. आता खाली-वर ठेवून पाहा. आधी मनगट. मग बरगडी. मग गळा.” त्यांचं बोट एकेका कागदावरून पुढं सरकत गेलं. “हा हात वर चढतोय. गळ्यापर्यंत आलेला हात पुढच्या वेळी कुठं जातो, ते आम्ही या नोकरीत पाहिलंय. मी तुम्हाला घाबरवत नाही.”

पंखा अडखळला. रूपरावांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढून घेतला.

“म्हणजे मग लिहा ना जी तुमी काय लिहाचं ते. मले कायले इचारता?”

“कारण वर्षालीताई नाव घेत नाहीत. पाच वेळा विचारलं. मार कोणाचा, तोंडातून निघत नाही. नाव न घेता मी अहवाल पाठवला तर कोर्टात तो उभा राहत नाही. आणि आज अहवाल गेला नाही, तर त्या जशा आल्या तशा त्याच गाडीवर मागं बसून घरी जातील.” त्यांनी तळाचा करकरीत कागद पुढं सरकवला. “कागद एकत्र करायला त्यांनी संमती दिलीय. ही त्यांची सही. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य सांगितलं. म्हणाल्या, मामाजींले इचारा, ते सांगतीन.”

सही मोठ्या, गोल, शाळेतल्या अक्षरात होती. वर्षाली कैलास — आणि आडनावापाशी पेन थोडं थांबलेलं. म्हणजे ही वहीच्या पानाची झेरॉक्स निघाली तेव्हा हिला माहीत होतं, दवाखान्यातून गुलाबी कागद आला तेव्हा माहीत होतं, आज गाडीवर दोघांच्या मधे बसून येताना, खड्ड्यात गाडी उडाल्यावर ‘मामाजी, धरून बसजा’ म्हणताना तिला माहीत होतं. आणि तिनं आपलं सगळं, जीवच म्हणा, एका अशा माणसाच्या हातात ठेवलं होतं ज्याच्या बोलण्यावर तालुक्यात कुत्रंही विश्वास ठेवत नाही... का? मी काय वाकडं केलं होतं तिचं? मी तर तिला वाचवत होतो — नाही, म्हणजे दोघांनाही — म्हणजे घराला —

काय झालं होतं गळ्यावर रेघा उठल्या त्या सकाळी? रूपराव गोठ्यात होते. म्हशीला सरकीची ढेप कालवत होते. नाही, ढेप आदल्या दिवशीच संपली होती. मग वैरण टाकत होते, आणि गोठ्यातून घरातलं काही ऐकू येत नाही, विशेषतः म्हैस रवंथ करत असली तर, आणि त्यांच्या म्हशीचा रवंथ तर असा की पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो उडाला तरी... असो. ते गोठ्यात होते. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्यांना तिथल्या शेणाचा वाससुद्धा यायचा. स्वतःलाही त्यांनी कधी शिळी गोष्ट सांगितली नव्हती. कधी ढेप, कधी वैरण, कधी दाव्याची गाठ.

बायको, सुलोचना, आज असती तर... सुलोचनाचं नाव मनात आल्याबरोबर फुकणी आली. लोखंडी, चुलीपाशी पडलेली. पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. वरणात मीठ दोनदा पडलं होतं, किंवा पडलंच नव्हतं, आणि रूपरावांनी फुकणी उचलली होती आणि ती सुलोचनाच्या मनगटावर लागली होती. लागली होती — असंच ते वाक्य मनात राहिलं होतं, जणू फुकणी आपली आपण गेली. दुसऱ्या दिवशी मनगट बांधलेलं पाहून शेजारणीनं विचारलं आणि रूपरावांच्या तोंडून पहिल्यांदा माकड निघालं: चिंचेवरून उतरलं, चुलीपाशी बसलं, फुकणी घेऊन फुंकायला लागलं, ही हाकलायला गेली तर दणका देऊन पळालं. काय हसले लोक! माकडाचा फुंकण्याचा अभिनय त्यांनी तीनदा करून दाखवला. सुलोचनाही हसली, तोंडात पदर धरून. त्या दिवसापासून रूपराव गोष्टीवाले झाले. फक्त सहा वर्षांचा कैलास हसला नव्हता. म्हणाला होता, “बाबा, माकड कवा आलतं? मी तर तिथंच होतो.” आणि रूपराव म्हणाले होते, “तू झोपला होता रे. तुले दिसलं नाई.” पोरानं थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली. हो, मी झोपलो होतो.

बाहेर तो झोपलेला पोरगा आता आरसा पुसून संपल्यावर फडक्याची नीट चौकोनी घडी घालत होता.

नाव घेतलं तर हा जाईल. म्हणजे फाशी नाही होणार, पण जमादार उठेल, बाहेर जाऊन खांद्यावर हात ठेवेल, आणि कैलास या खिडकीकडं पाहील. नाही घेतलं तर ती जाईल. दोघांपैकी एकाला रूपरावांनी आपल्या तोंडानं उचलून द्यायचं होतं, आणि खोलीला दार एकच होतं, आणि पाच माणसं त्यांच्या तोंडाकडं पाहत होती, आणि जन्मभर त्यांनी माणसांनी तोंडाकडं पाहावं एवढीच तर इच्छा केली होती. त्यांनी म्हैस आठवून पाहिली. पायरी आठवून पाहिली. सगळ्या गोष्टी टेबलावर मरून पडल्या होत्या. आणि मग एकदम, जसा फाट्यावर न मागता टेम्पो थांबावा तशी, एक गोष्ट त्यांच्यासमोर येऊन थांबली, जी त्यांनी कधीच कोणाला सांगितली नव्हती.

“लिहा,” ते म्हणाले. “मीच मारलं.”

जमादारांची टोपी मांडीवरून घसरली.

“काकाजी...”

“लिहा म्हणतो ना. नाव पाह्यजे ना तुमाले? घ्या. पोरगं माहं देवमाणूस, त्याचा काही संबंध नाई. मीच. वरणात मीठ जास्त झालतं. मी पाटावर बसलो होतो. पह्यला घास घेतला अन् कानात असं झालं, जसं कोणी रिकामा हंडा वाजवला. फुकणी बाजूलेच होती. उचलली तवा गरम होती, हे मले मंग कळलं, हाताले फोड आला तवा. तिनं हात वर केला — असा. वाचवाले नाई केला. जसं लेकराले थांब म्हणते ना माणूस, तसा. अन् मी त्या हातावरच मारलं. हाड मोडल्याचा आवाज मोठा नसते, मॅडम. वाळली तुरीची काडी मोडल्यासारखा.”

कोणी हसत नव्हतं. आवाज आपला नाही असं रूपरावांना वाटत होतं. पारावरच्या आवाजात चढउतार असायचे, हा सपाट होता, आणि त्यात एकही शब्द त्यांनी जोडलेला नव्हता, आणि तरीही ही आजवरची सगळ्यात मोठी थाप होती. अश्वजितचं पेन कागदावर टेकलं होतं. काजल मॅडम लिहीत नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यांत शंका डळमळली, हे रूपरावांनी पाहिलं, आणि पाहून त्यांना सवयीचा, जुना, लाजिरवाणा आनंद झाला — पटतंय यांना. पटतंय. आणखी थोडं.

“अन् गळा बी मीच. म्हातारा दिसतो, पण बोटात दम हाय माह्या. त्या सकाळी कैलास तर वावरात गेलता. घरात ती अन् मी. मी आतून कडी लावली, अन्—”

“खोटं.”

रूपरावांना आधी कळलंच नाही कोण बोललं. आवाज खरखरीत होता, घशात काहीतरी बसल्यासारखा.

“खोटं हाय हे,” वर्षाली म्हणाली. ती काजल मॅडमकडं नव्हती पाहत. ती सासऱ्याकडं पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर रूपरावांना बरं वाटलं असतं. “मामाजी, खोटं बोलून राह्यले तुमी. तुमी आत नव्हते. तुमी दाराच्या बाहेर होते.”

“मी गोठ्यात—”

“दाराच्या बाहेर. दाराखालून तुमचे पाय दिसत होते मले. माहा गळा धरला होता, मले वरचं काही दिसत नव्हतं, तुमचे पायच दिसत होते. मी म्हटलं, आता कडी वाजवतीन. आता वाजवतीन.” तिनं हातानं गळ्याभोवतीचा पदर सैल केला. “मंग तुमी चपला घातल्या.”

अश्वजितनं पेन उचललं. काजल मॅडम हळूच म्हणाल्या, “बोला, ताई,” आणि जमादारांनी उगीचच खिडकीकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली. रूपरावांनी तोंड उघडलं. ढेप, वैरण, दाव्याची गाठ... हात घालावा तिथून काही निघेना. गोठा रिकामा होता, म्हैस नव्हती, शेणाचा वास नव्हता. राहिलं होतं एक दार, त्याच्यामागून येणारा तो आवाज, आणि या बाजूला, कडीपासून हातभर अंतरावर, मी.